मीच सावरले नाही, तिला कशी सावरू?

इंदूरहून एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलं आहे. नाव अर्थातच छापत नाही. ओळख पटेल असे तपशीलही गाळले आहेत, काही बदलले आहेत. पत्राचा गाभा असा :

'मी ३६ वर्षांची. बाविसाव्या वर्षी सख्ख्या मावसभावानं आमच्याच घरात माझ्यावर बळजबरी केली. आईला सांगितलं तर म्हणाली, झालं ते झालं, आता मावशीच्या कानावर जाऊ देऊ नकोस. तक्रार झाली नाही. लग्नानंतर ह्यांना सांगितलं, त्यांनी समजून घेतलं. पुढे वर्षभर समुपदेशकाकडे जात होते. आपण सावरलो, असं मला वाटायचं.

'नणंदेची मुलगी शिकायला आमच्याकडे राहते. वय २०. भंवरकुआला कोचिंगला जाते. तीन आठवड्यांपूर्वी तिथल्या लायब्ररीत ओळख झालेल्या एका मुलानं नोट्स देतो म्हणून रूमवर बोलावलं आणि जबरदस्ती केली. परवा रात्री तिनं मला हे सांगितलं. "मामी, मी ओरडलेसुद्धा नाही गं, नुसती पडून राहिले," हेच सारखं म्हणत होती. मी जवळ घेतलं, पण माझ्या तोंडून निघून गेलं, "पण तू एकटी गेलीसच कशाला?" तेव्हापासून ती गप्प आहे. आईला सांगायचं नाही अशी तिनं मला शपथ घातली आहे. हे विचारतात, पोरीला झालंय काय. मला झोप नाही. त्या मुलाला फरफटत ठाण्यात न्यावंसं वाटतं. दुसऱ्याच क्षणी सगळं माझ्याच बाबतीत पुन्हा घडतंय असं होतं. नणंदेला सांगू का? तक्रार करायला लावू का? माझं तिला सांगू का? आमच्या भिशीत अशाच अनुभवातून गेलेल्या आणखी दोघी आहेत. आम्ही मिळून काही करावं असंही मनात येतं. पण मीच अजून सावरले नाही, तर मी कुणाला काय आधार देणार?'

प्रिय मैत्रिणी,

पत्र वाचलं त्याच दिवशी तातडीचा भाग तुम्हाला कळवला होता. तो इथे पुन्हा लिहिते आहे, कारण हे सदर वाचणाऱ्या आणखी कुणाच्या घरात आज तीच रात्र असू शकते.

त्या पोरीनं तीन आठवडे ही गोष्ट एकटीनं सोसली आणि मग घरादारातल्या सगळ्या माणसांतून तुम्हाला सांगितली. तुमचं पूर्वीचं तिला काहीच ठाऊक नाही. तरी या बाईपाशी बोलता येईल असं तिला वाटलं. तिला पूर्ण सावरलेलं माणूस नकोच आहे. तिला हवंय असं माणूस, जे ऐकून हादरून जाणार नाही, ऐकून गावभर करणार नाही आणि ऐकून तिच्या वतीनं परस्पर निर्णय घेणार नाही. पहिल्या दोन गोष्टी तुम्हाला जमतील याबद्दल मला शंका नाही. तिसरी अवघड आहे, आणि तुमच्यासारखीला तर जास्तच अवघड.

आधी ते वाक्य. 'तू एकटी गेलीसच कशाला?' आपण असं का विचारतो? भीतीपोटी. ती गेली नसती तर घडलं नसतं, असं एकदा म्हटलं की न जाणाऱ्या साऱ्याजणी सुरक्षित ठरतात आणि आपल्या जिवाला जरा बरं वाटतं. पण तुम्ही तर कुठेच गेला नव्हता. तुम्ही तुमच्या घरात होता आणि तो मावशीचा मुलगा होता. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे अहवाल वर्षानुवर्षं सांगताहेत की नोंदल्या गेलेल्या बलात्कारांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त गुन्ह्यांत आरोपी ओळखीचाच असतो : शेजारी, नातेवाईक, मित्र, वरिष्ठ. मुलींनी कुणाकुणाकडे जायचं बंद करायचं?

ते वाक्य दुरुस्त करता येतं, आणि लवकर करा. तिच्याजवळ बसा आणि सरळ म्हणा, 'परवा मी तुला चुकीचा प्रश्न विचारला. त्याचं उत्तर मला नको आहे. तू कुठेही गेली असतीस तरी त्यानं हे करायला नको होतं. जे केलं ते त्यानं केलं.' एवढंच म्हणा. मी असं का बोलले, माझी मनःस्थिती कशी होती, हे समजावत बसू नका आणि तिच्यासमोर रडून माफी मागू नका. तसं केलंत तर तीच तुमचे डोळे पुसायला लागेल. या मुली फार लवकर दुसऱ्यांना सांभाळायला लागतात.

पुढचं ती सांगेल तेव्हा आणि सांगेल तेवढंच ऐका. काय घातलं होतं, किती वाजले होते, आधी काय बोलणं झालं होतं, यातलं काही विचारायचं नाही. हे प्रश्न पोलिसांचे आणि वकिलांचे, मामीचे नव्हेत. सांगताना तिचा क्रम चुकेल, एखादी गोष्ट आज आठवेल आणि उद्या नाही. अशा प्रसंगाची आठवण तुकड्यातुकड्यांनीच राहते, त्याचा अर्थ ती काही लपवते असा नाही. आणि जवळ घेण्याआधी विचारा, 'जवळ घेऊ का?' तुम्हाला हे परकेपणाचं वाटेल. पण तिच्या शरीराला तिची परवानगी न घेता कुणी हात लावला आहे. आता लावणाऱ्या प्रत्येकानं विचारलं पाहिजे, प्रेमानं लावणाऱ्यानंसुद्धा. रात्री दिवा चालू ठेवायचा का, खोलीची कडी आतून लावायची का, जेवायला सगळ्यांबरोबर बसायचं की मागाहून, हे तिलाच ठरवू द्या. बारीकसारीक वाटतं, पण हातातून गेलेलं असंच परत हातात येतं.

आता तिचं ते वाक्य, 'मी ओरडलेसुद्धा नाही.' तुमच्या सगळ्या पत्रात मला याचीच जास्त काळजी वाटते, कारण ही मुलगी स्वतःवरच खटला चालवते आहे आणि न्यायाधीशही तीच आहे.

अचानक जिवावर बेतलं की माणूस प्रतिकार करतो किंवा पळतो, एवढंच आपण ऐकलेलं असतं. तिसरा प्रकारही असतो. शरीर थिजतं. हात उचलत नाही, आवाज फुटत नाही, कधी तर सगळं दुसऱ्याच कुणाच्या बाबतीत घडतंय असं वाटतं. हे कुणी ठरवून करत नाही. स्टॉकहोममध्ये बलात्कारानंतर उपचारासाठी आलेल्या २९८ स्त्रियांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यांतल्या ७० टक्के स्त्रियांचं शरीर घटनेच्या वेळी लक्षणीय प्रमाणात असं थिजलं होतं, आणि ज्यांचं थिजलं त्यांना पुढे मानसिक त्रास होण्याचं प्रमाणही जास्त होतं. म्हणजे जी ओरडली नाही तिला कमी लागलं, असं नाही. उलटच आहे. हे तिला सांगा, याच शब्दांत सांगा, आणि एकदाच सांगून थांबू नका. तुम्हीही बाविसाव्या वर्षी ओरडला होता की नाही, हे पत्रात लिहिलेलं नाही. मीही विचारत नाही. पण वरचं तुमच्यासाठीसुद्धा आहे.

कायद्यालाही हे समजायला फार वर्षं लागली. १९७२ साली, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनीच अत्याचार केला. अंगावर जखमांच्या खुणा नाहीत, म्हणजे प्रतिकार नाही, असं म्हणत सर्वोच्च न्यायालयानं आरोपींना सोडलं. त्यावर १९७९ साली कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं : उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार. देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली कायदा बदलला. आज भारतीय न्याय संहितेच्या ६३व्या कलमात स्वच्छ लिहिलं आहे की स्त्रीनं शारीरिक प्रतिकार केला नाही, एवढ्यावरून तिनं संमती दिली असं धरता येत नाही. भाचीला कलमाचा क्रमांक पाठ करायची गरज नाही. पण ओरडले नाही म्हणून आपलं म्हणणं कुणी ऐकणारच नाही, असं ती धरून बसली असेल, तर ते खरं नाही एवढं तिला कळू द्या.

तब्येतीचं थांबवून ठेवू नका. घटनेनंतरच्या पहिल्या ७२ तासांत एचआयव्ही टाळण्यासाठी औषधं सुरू करता येतात आणि ती २८ दिवस घ्यायची असतात. गर्भधारणा टाळणारी गोळी जितकी लवकर तितकी चांगली, पाच दिवसांपर्यंत तिचा उपयोग होऊ शकतो. ज्यांच्याकडे ही वेळ अजून आहे त्यांनी रात्र असली तरी निघावं. शक्यतो आंघोळ करू नये, कपडे धुऊ नयेत, आणि ते प्लास्टिकच्या पिशवीत न ठेवता कागदात गुंडाळून न्यावेत. आंघोळ झालेली असली तरी जावं. तुमच्या भाचीची ती वेळ गेली, पण सगळं संपलं असं नाही. गर्भ राहिला आहे का, याची तपासणी आत्ता व्हायला हवी. गरज पडली तर बलात्कारातून राहिलेला गर्भ २४ आठवड्यांपर्यंत कायद्यानं काढता येतो, आणि ती सज्ञान आहे, त्यामुळे दुसऱ्या कुणाची सही लागत नाही. एचआयव्हीची तपासणी आता एकदा आणि तीन महिन्यांनी पुन्हा. सरकारी रुग्णालयातल्या समुपदेशन आणि चाचणी केंद्रात ती मोफत होते. इतर संसर्ग आणि कावीळ-बीची लस, याबद्दल डॉक्टरांना विचारा. एम. वाय. या इंदूरच्या सरकारी रुग्णालयात जायचं की ओळखीच्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे, हे तिच्यावर सोपवा.

निघण्याआधी तिला एक गोष्ट माहीत असू दे. अशी घटना कळली की रुग्णालयाला पोलिसांना कळवावं लागतं, असा कायदा आहे. तिथे गेल्यावर हे अचानक समजलं तर ती तुमच्यावर कायमची अविश्वास धरेल. पण कळवलं म्हणजे तिनं तक्रार दिलीच पाहिजे असं नाही. तिला पोलीस कारवाई नको असेल तर तसं लिहून घेतात आणि उपचार करावेच लागतात. सरकारी असो की खासगी, उपचार मोफत द्यायला रुग्णालय बांधलेलं आहे, आणि नाकारणं हा गुन्हा आहे. तपासणी तिच्या संमतीशिवाय करता येत नाही. पूर्वी 'दोन बोटांची' म्हणून एक अमानुष तपासणी व्हायची. तिच्या ऐकीव भीतीनंच कितीतरी मुली रुग्णालयाची पायरी चढत नाहीत. २०२२च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयानं बजावलं आहे की अशी तपासणी करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल.

आणि तक्रार. तुम्ही 'तक्रार करायला लावू का' असं लिहिलं आहे. त्यातलं 'लावू' काढून टाका.

तुमचा संताप मला कळतो. त्यातला काही तिच्यासाठी आहे आणि बराचसा, मला वाटतं, त्या मुलीसाठी आहे जिला बाविसाव्या वर्षी कुणी ठाण्यात नेलं नाही. दोन्ही संताप रास्त आहेत. पण भाचीच्या तक्रारीवर तुमची जुनी थकबाकी वसूल करता येणार नाही. तुमच्या आईनं तुमच्या वतीनं ठरवलं की बोलायचं नाही. तुम्ही तिच्या वतीनं ठरवलंत की बोलायचंच, तर तिच्या बाजूनं पाहिलं तर काय फरक पडला? दोन्ही वेळा ठरवणारं दुसरंच कुणीतरी.

तिच्यासमोर माहिती ठेवा, खरीखुरी. सोपं आहे असं सांगू नका, अशक्य आहे असंही नको. तिच्यावर घडलेला प्रकार नव्या संहितेखाली येतो, ती १ जुलै २०२४ पासून लागू आहे. बलात्काराच्या तक्रारीला मुदत नाही. तीन आठवडे झाले म्हणून दार बंद झालेलं नाही, तीन महिन्यांनीही होणार नाही. मात्र उशिराचं कारण विचारलं जातं. भीती आणि लाज हे खरं कारण आहे आणि न्यायालयांनी ते अनेकदा मानलं आहे. तक्रार कुठल्याही ठाण्यात देता येते, हद्द आडवी येत नाही. त्याला झिरो एफआयआर म्हणतात. नोंद महिला अधिकाऱ्यानंच करायची असते, जबाब ती म्हणेल तिथे, घरीसुद्धा, जवळच्या माणसाला सोबत घेऊन देता येतो, एफआयआरची प्रत मोफत मिळते. नोंद करायला नकार देणारा पोलीस स्वतः गुन्हेगार ठरतो. खटला बंद दाराआड चालतो. तिचं नाव छापणं किंवा उघड करणं हा गुन्हा आहे. तिचं पूर्वीचं खासगी आयुष्य उकरून काढता येत नाही. आणि हेही सांगा की खटले लांबतात, उलटतपासणी कडू असते, आणि निकाल आपल्या हातात नसतो.

आपल्या मध्य प्रदेशात ठाण्यांमधून 'ऊर्जा' नावाचे महिला मदत कक्ष आहेत. राज्यातल्या १८० ठाण्यांचा अभ्यास २०२२ साली 'सायन्स' या नियतकालिकात आला. जिथे असा कक्ष होता तिथे बायकांच्या तक्रारी जास्त नोंदल्या गेल्या, आणि हा फरक मुख्यतः महिला अधिकाऱ्यांमुळे पडला. म्हणून गेलात तर आधी तो कक्ष विचारा. ठाण्याच्या आधी सल्ला हवा असेल तर जिल्ह्याचं सखी वन स्टॉप सेंटर आहे, १८१ या क्रमांकावरून तिथपर्यंत पोचता येतं. वैद्यकीय मदत, वकील, समुपदेशक आणि गरज पडली तर पाच दिवसांपर्यंतचा निवारा, हे सगळं एका छपराखाली. स्त्रीला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. त्यासाठी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा क्रमांक १५१००.

तोवर एकच काम करा, तेही तिला विचारून. त्याचे मेसेज पुसू देऊ नका. असली मुलं मागाहून 'सॉरी यार, नाराज आहेस का' असलं काहीतरी लिहितात, आणि तेच पुढे पुरावा ठरतं. स्क्रीनशॉट तुमच्या फोनवर घेऊन ठेवा आणि मग त्याला ब्लॉक करायचं तर करा. त्या दिवशीचे कपडे धुतलेले नसतील तर कागदात गुंडाळून ठेवा. तुम्ही त्याला फोन करायचा नाही, भेटायला जायचं नाही, कुणा भाच्या-पुतण्यांना 'समज द्यायला' पाठवायचं नाही. त्यानं तक्रारही बिघडते आणि मुलीच्या जिवालाही धोका होतो.

नणंदेला सांगायचं का? भाची सज्ञान आहे. ती अठराच्या आत असती तर गोष्ट वेगळी होती. पॉक्सो कायद्याखाली तेव्हा तुम्हाला कळवावंच लागलं असतं. आज ही तिची गोष्ट आहे आणि तिनं शपथ घातली आहे. मला ठाऊक आहे की उद्या हे फुटलं तर 'माझी पोर तुमच्या भरवशावर ठेवली होती' हे तुम्हालाच ऐकावं लागेल, आणि नणंद-भावजयीच्या नात्यात असलं वाक्य किती वर्षं टिकतं तेही ठाऊक आहे. तरीसुद्धा नाही. तिला हळूच विचारत राहा, 'आईला कधी सांगावंसं वाटलं तर मी शेजारी बसेन. तू नाही बोललीस तरी चालेल, मी बोलेन, तू फक्त मान हलव.' पुष्कळ मुलींना आई नको नसते, आईची पहिली पाच मिनिटं नको असतात. यजमानांना खोटं सांगू नका. 'तिला त्रास झाला आहे, तिनं मला सांगितलं आहे, तिची परवानगी मिळाली की तुम्हालाही सांगेन' एवढं म्हटलं तर ते समजतील. तुमच्या वेळी ते समजले होते.

फक्त एका बाबतीत शपथ मोडायची. ती जीव द्यायचं बोलली, किंवा आपल्या वस्तू वाटून टाकते आहे, निरोपाचं बोलते आहे असं वाटलं, तर थेट विचारा, 'मरावंसं वाटतं का?' विचारल्यानं कुणाच्या मनात ते भरत नाही. हो म्हणाली तर तिला एकटी सोडू नका, डॉक्टरांकडे न्या, घरातल्यांची मदत घ्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस चालतो, तिथे मराठीतही बोलता येतं. तिला हे आजच सांगून ठेवा : 'बाकी सगळं माझ्यापाशी राहील, पण जिवावर आलं तर मी गप्प बसणार नाही.'

तुमचं तिला सांगावं का? सांगा, पण आत्ता नको, आणि सगळं नको. माझ्याही बाबतीत असं झालं होतं, आणि मी आज इथे आहे, एवढं वाक्य तिला पुष्कळ दिवस पुरेल. त्यापुढे मावसभाऊ, आई, मावशी हे सगळं तिच्यापुढे मांडलंत तर ती तुमची काळजी करायला लागेल आणि तिला स्वतःचं लहान वाटू लागेल. सांगण्याआधी स्वतःला विचारा की हे मी तिच्यासाठी सांगते आहे की मला आता आत ठेववत नाही म्हणून. दुसरं असेल तर त्याची जागा वेगळी आहे.

त्या वेगळ्या जागेबद्दल बोलायलाच हवं. तुमची झोप उडाली आहे, छातीत धडधडतं, जुनं पुन्हा घडतंय असं वाटतं. म्हणजे तुमचं वर्षभराचं समुपदेशन वाया गेलं असं नाही. जुनं गुडघ्याचं दुखणं पावसाळी हवेत ठणकतं, तसं हे आहे : बरं झालेलं असतं, पण जागा ठाऊक असते. त्याच समुपदेशकाकडे पुन्हा जा. तेव्हा सगळं नव्यानं सांगत बसायची गरज पडणार नाही. आठवड्यातला एक तास कुणीतरी तुमचं ऐकणारं असलं, की बाकीचे दिवस तुम्ही तिचं ऐकू शकाल. आठवण अंगावर आली की पाय जमिनीवर टेकवा, आजूबाजूच्या पाच वस्तूंची नावं मोठ्यानं घ्या, आजची तारीख म्हणा. हास्यास्पद वाटेल, पण मेंदूला 'तेव्हा' आणि 'आता' यांतला फरक दाखवायची ही साधी रीत आहे आणि समुपदेशक ती मुद्दाम शिकवतात. आणि रात्रभर तिच्या दाराशी जागत बसू नका.

पत्राच्या शेवटी तुम्ही ओझरतं लिहिलं आहे की गणपतीत तो मावसभाऊ दरवर्षी रामबागेत तुमच्या माहेरी येतो आणि तुम्ही त्याला प्रसाद देता. ही ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. चौदा वर्षं. यंदा देऊ नका. त्या दिवशी माहेरी जाऊ नका, किंवा तो येऊन गेल्यावर जा, किंवा आईला आधीच सांगा की तो येणार असेल तर मी येणार नाही. आईला वाईट वाटेल, वाटू द्या. तिनं त्या वेळी घर सांभाळलं, तुम्हाला नाही. आता तिला उरलेल्या आयुष्यात एकदा निवड करायची संधी आहे. तुमच्या स्वतःच्या तक्रारीचीही मुदत संपलेली नाही. ती त्या काळच्या, म्हणजे जुन्या दंड संहितेप्रमाणे चालेल. ती द्यावी असं मी म्हणत नाही, देऊ नये असंही नाही. वकिलाशी एकदा बोला आणि मग ठरवा. भाचीला जो वेळ देणार आहात तोच स्वतःलाही द्या.

राहिल्या भिशीतल्या दोघी. तुम्ही तिघी एकमेकींना ओळखता आणि एकमेकींचं ठाऊक आहे, ही फार मोठी गोष्ट आहे. आपल्या इंदूरच्या मराठी मंडळींत सगळे सगळ्यांना कुठून ना कुठून लागतात. त्यामुळे आधार लवकर मिळतो आणि बातमीही लवकर फिरते. म्हणून सुरुवात तिघींनीच करा. भिशीच्या दिवशी नको, आणि कुणाच्या घरी सासू-दीर असताना नको. कुणीही आपली हकिगत सांगितलीच पाहिजे असं नाही. नुसतं बसून राहिलं तरी चालेल. ज्या दिवशी एखादीला ऐकवत नसेल त्या दिवशी तिनं उठून जावं, कारण देऊ नये. सल्ला मागितल्याशिवाय द्यायचा नाही. इथलं बोलणं नवऱ्यालाही सांगायचं नाही. जमलं तर पहिल्या दोन-तीन वेळा तुमच्या समुपदेशकांना बोलवा, म्हणजे बोलणं भलतीकडे गेलं तर सावरायला कुणी असेल. चौथी कुणी यायची म्हणाली तर तिघींनाही विचारून घ्या.

हे भाचीची घडी जरा बसल्यावर, दोन-तीन महिन्यांनी सुरू करा. आणि तिला त्यात ओढू नका. असं काही आहे एवढं तिच्या कानावर असू दे. यायचं झालं तर ती विचारेल, आणि तेव्हाही आधी तुमच्या मैत्रिणींची परवानगी घ्या.